मदत हवी: घरी कूलंट बदललं, आता लाल लाईट लागतीय

फुलेवाडीकर
काल घरीच बाईकचं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) काढून नवीन भरलं. सर्व्हिसिंगला टाकली की दोन दिवस गाडी अडकते म्हणून व्हिडिओ बघून केलं. तासाभरात उरकलं. आज सकाळी स्टेशनकडं निघालो, दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबलो तर टेंपरेचरची लाल लाईट! गाडी बंद करून ढकलत बाजूला घेतली. आधी हा प्रॉब्लेम कधीच नव्हता. रविवारी गगनबावडा ठरलंय, सहा जण आहेत. लवकर सांगा.

उद्यमनगर_पाना
गाडी कुठली? कूलंट किती बसलं? रेडिएटरचं झाकण उघडून भरलंस की नुसती बाजूची जादा कूलंटची टाकी भरलीस?

एकच_स्प्लेंडर
म्हणून सांगतो, साधी गाडी घ्या. आमचं इंजिन वाऱ्यावर थंड होतंय. कूलंट नाही, पंप नाही, कटकट नाही. पन्हाळ्याला डबल सीट जातोय गेली बारा वर्षं.

फुलेवाडीकर
पल्सर एनएस २०० आहे, लिहायचं राहिलं. टाकी वरच्या रेषेपर्यंत फुल आहे. म्हणजे कूलंट कमी नाही, दुसरं काहीतरी आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप, गेला असेल का?

शिरोली_नाका
थर्मोस्टॅट काढूनच टाक भावा. आपल्या हवेला लागतोय कशाला? मी काढलाय, गाडी कायम थंड.

उद्यमनगर_पाना
शिरोलीवाले, कायम थंड राहणं हाच तोटा आहे. इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचलं नाही की पेट्रोल जास्त पितं आणि झीज वाढते. पोराला नको ते शिकवू नका.
फुलेवाडीकर, टाकी फुल म्हणजे रेडिएटर फुल नव्हे. विचारलंय त्याचं उत्तर दे. आणि फॅन लागला होता का?

फुलेवाडीकर
फॅनकडं लक्ष नाही गेलं, मागचे हॉर्न मारत होते. झाकण उघडलं होतं. पाईप लावून आतनं दोनदा पाणी सोडलं, स्वच्छ येईपर्यंत. मग वरपर्यंत भरून झाकण लावलं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी.

कागलचा_ट्रॅक्टरवाला
पाणी कुठलंही चालतंय. आमच्या ट्रॅक्टरला वीस वर्षं विहिरीचं पाणी घालतोय, ऊस ओढतोय कारखान्यापर्यंत.

रसायन_मास्तर
दादा, ट्रॅक्टरचा रेडिएटर केवढा आणि ह्याच्या नळ्या केवढ्या! बोअरच्या पाण्यानं किटलीच्या बुडाला पांढरा थर धरतो ना, तोच आत धरतो, आणि एकदा धरला की उष्णता बाहेर पडत नाही. शिवाय इथं सगळं ॲल्युमिनियम. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणीच वापरायचं.
फुलेवाडीकर, कॅनवर बघ, कूलंट तयार मिसळलेलं आहे की घट्ट? तयार असेल आणि त्यात तू परत निम्मं पाणी घातलं असशील तर गंज रोखणारी रसायनं निम्मीच उरली. लाईट त्यानं लागली नसेल, पण दोन वर्षांनी पंप रडेल. रंगावर जाऊ नकोस, हिरवं-लाल हे कंपनीच्या मर्जीवर असतं. आत काय आहे ते लेबलवर वाचायचं.

फुलेवाडीकर
तयारच होतं. वाचलं नव्हतं. 🙏

आक्का_मंगळवारपेठ
जुनं कूलंट कुठं ओतलंस?

फुलेवाडीकर
घरासमोरच्या गटारीत. का?

आक्का_मंगळवारपेठ
का म्हणून विचारतोस? त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडन्या निकामी होऊन मरतात. थोडंसंही पुरतं. आत्ता उठ, फरशीवर सांडलेलं भरपूर पाण्यानं धू. उरलेलं डब्यात घट्ट बंद करून पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेव. पुढच्या वेळी गॅरेजवाल्याला विचार, जळकं ऑइल गोळा करतात त्यांच्याकडं देता येतंय का.

एकच_स्प्लेंडर
आमच्या गाडीत हे पण नाही.

आक्का_मंगळवारपेठ
तुम्ही जरा गप्प बसता का?

चेन_स्प्रॉकेट
बावड्याला जाणार असाल तर चेनला ल्यूब मारून घ्या, ताण बघा, मागच्या टायरची हवा बघा.

उद्यमनगर_पाना
चेनचं कुणी विचारलंय हो.
फुलेवाडीकर, आत हवा अडकलीय, बाकी काही नाही. भरलंस आणि लगेच झाकण लावलंस, बुडबुडे जायला वाटच नाही. गाडी पूर्ण गार होऊ दे. गरम असताना झाकणाला हात लावू नकोस. आत दाब असतो, कुकरचं झाकण वाफ जायच्या आधी उघडल्यासारखं अंगावर येईल. गार झाल्यावर मेन स्टँडला किंवा लाकडी ठोकळ्यावर सरळ उभी कर, साइड स्टँडला नको. आतलं पाणचट सगळं सोडून दे, ह्यावेळी बादलीत. तयार कूलंट हळूहळू ओत, झाकण न लावता चालू कर, मधे मधे रबरी पाईप दाब. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत जा. बुडबुडे थांबले की झाकण. फॅन लागून परत बंद होतो का ते उभा राहून बघ.
एवढं करूनही बुडबुडे थांबले नाहीत, किंवा ऑइलच्या काचेत चहासारखं दुधाळ दिसलं, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, गेलं समज. मग घरी हात लावू नकोस.

फुलेवाडीकर (शनिवार संध्याकाळ)
केलं. बादलीत काढलं, नवीन कॅन आणला. बाप रे, भरलंय असं वाटल्यावर अजून मोठा पेलाभर गेलं. भकाभका बुडबुडे. फॅन दोनदा लागला, दोनदा बंद झाला. लाईट नाही. रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून आलो.
पण कूलंट सोडायच्या खालच्या बोल्टपाशी थेंब जमतोय. अजून आवळू?

उद्यमनगर_पाना
थांब! वॉशर जुनाच लावलास ना?

फुलेवाडीकर
…हो.

उद्यमनगर_पाना
आवळत बसलास तर आटे जातील, मग केवढ्याला पडेल ते विचारू नकोस. नवा वॉशर घे. जुना हातात घेऊन दुकानात जा, मापाचा तोच पाहिजे. दुकानं बंद व्हायच्या आत पळ.

शिरोली_नाका
उद्या करूळ घाटानं खाली उतरणार की भुईबावड्यानं? मी पण येतो.