लिफ्टने वर, सायकलने खाली : बाईक पार्कचे अनुभव लिहा

सायकलवाल्यांच्या गप्पांत चढ कसा चढला याचे किस्से खूप येतात, उताराचं मात्र कोणी फारसं बोलत नाही. बोललंच तर उडी मारतानाचा फोटो टाकतात आणि विषय संपतो. म्हणून म्हटलं मुद्दाम विचारूया. स्की रिसॉर्टच्या लिफ्ट उन्हाळ्यात सायकली वर न्यायला वापरतात आणि खाली उतरायला खास बनवलेल्या वाटा असतात, त्याला बाईक पार्क म्हणतात हे बहुतेकांना माहीत असेलच. कॅनडातलं व्हिसलर यातलं सगळ्यात गाजलेलं, १९९९ पासून चालू आहे. तुम्ही कुठल्याही पार्कला गेला असाल तर लिहा. पण नुसतं "भारी होतं" नको, हातापायांचं काय झालं, सायकल कुठली घेतली, भीती कुठे वाटली आणि कधी थांबलात ते सगळं लिहा, पहिल्यांदा जाणाऱ्याला तेच हवं असतं.

सुरुवात माझ्यापासून. मला वाटायचं उतारच आहे तर दम कशाला लागेल, आणि खाली पोचलो तेव्हा मांड्या थरथरत होत्या. कारण वाटभर तुम्ही पेडलवर उभे असता. सीट पार खाली केलेली असते, तिच्यावर बसायचं नसतंच, गुडघे नि कोपरं वाकवून सायकलला तुमच्या खाली नाचू द्यायचं असतं. जिममधल्या स्क्वॉटपेक्षा हे वेगळं, इथे थांबायचं कधी ते वाट ठरवते.

*

मी मैत्रिणींबरोबर गेले होते आणि पहिल्या सकाळी आम्ही सगळ्यांनी क्लास लावला. इतकं सांगते की पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, इथे नको. आधी सपाट मैदानावर नुसतं उभं राहायला शिकवलं. दोन्ही पेडल एका पातळीत, टाचा खाली, कोपरं बाहेर, ब्रेकवर एकच बोट आणि बाकीच्या बोटांनी हॅन्डल घट्ट धरायचं. आणि नजर! पुढच्या चाकाकडे बघायचंच नाही, वळण जिथे संपतं तिकडे बघायचं. ऐकायला सोपंय पण उतार लागला की डोळे आपोआप चाकासमोरच्या दगडावर जातात आणि सायकलही मग बरोब्बर त्याच दगडावर जाते.

मग हिरवी वाट. वाटांचे रंग स्कीसारखेच, हिरवा गोल सगळ्यात सोपा, मग निळा चौकोन, मग काळा डायमंड, आणि दोन काळे डायमंड असले तर तिकडे नवख्याने फिरकूच नये. वळणांना बाहेरच्या बाजूने मातीची उंच भिंत घातलेली असते, त्याला बर्म म्हणतात. ब्रेक बर्मच्या आधी मारायचा, आत शिरलं की सोडून द्यायचा. पहिल्यांदा ब्रेक सोडून त्या भिंतीवर चाकं चिकटली आणि सायकल स्वतःहून वळली ना, मी हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडले. आनंदाने! दिवसभर आम्ही तीच हिरवी वाट पुन्हा पुन्हा केली, बाकीचे निळ्यावर गेले तरी आम्ही नाही गेलो, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. चढायचे कष्ट नसल्यामुळे एकच वळण दिवसात कितीतरी वेळा घोटता येतं, ही सोय दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

*

सायकल भाड्याने घ्यावी का स्वतःची न्यावी यावर लिहितो. स्वतःची डाउनहिलची, म्हणजे खास उतारासाठी बनवलेली नसेल तर भाड्याने घ्या. डाउनहिल सायकलला पुढे मागे साधारण २०० मिलिमीटर सस्पेन्शन असतं, ब्रेकच्या डिस्क मोठ्या म्हणजे २०० मिलिमीटरच्या आसपास, टायर जाड, आणि पुढचा फोर्क मोटरसायकलसारखा वरपर्यंत दोन्ही बाजूंनी पकडलेला. वजन भरपूर असतं पण चढायचंच नाही तर त्याचं काय. साध्या क्रॉसकंट्रीच्या सायकलवर हेच केलं तर हात आधी जातील आणि मग ब्रेक.

ब्रेकचं मुद्दाम सांगतो. लांब उतारावर सतत थोडा थोडा ब्रेक दाबून ठेवला की डिस्क आणि पॅड तापतात, पकड कमी होते, लिव्हर स्पंजसारखा लागायला लागतो. त्यापेक्षा जोरात आणि थोडा वेळ दाबायचा, मग पूर्ण सोडायचा, म्हणजे थंड व्हायला वेळ मिळतो. हा त्रास या खेळाइतकाच जुना आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतल्या एका डोंगरावर काही पोरं जुन्या जड सायकली घेऊन उताराची शर्यत लावायची, त्या सायकलींना पेडल उलटं फिरवून लागणारा ब्रेक होता, खाली येईपर्यंत हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर वेळी नवीन ग्रीस भरावं लागायचं. असं पुन्हा भरणं म्हणजे इंग्रजीत रिपॅक, म्हणून त्या शर्यतीचं नावच रिपॅक पडलं. माउंटन बाईकिंगची सुरुवात सांगताना ही शर्यत हमखास येते.

दुकानात सायकल घेताना तुमचं वजन खरं सांगा, त्यावरून स्प्रिंग लावतात. सायकलवर उभं राहिल्यावर सस्पेन्शन साधारण ३० टक्के दबलं पाहिजे. टायरमध्ये हवा रस्त्यावरच्यापेक्षा खूप कमी असते, पंचवीस पीएसआयच्या आगेमागे, ती बघून घाबरून जास्त भरू नका, पकड जाते. आणि दर दोनचार फेऱ्यांनी ॲक्सल, हॅन्डलचे बोल्ट, स्पोक हाताने चाचपून बघा, धक्क्यांनी ढिले होतात.

*

वर हात जाण्याचं आलंय ते अगदी खरंय. मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू भरून दगड होतात, बोटं उघडत नाहीत. याचं मोठं कारण म्हणजे ब्रेकने पडलेले खड्डे. वळणाच्या आधी सगळे एकाच जागी ब्रेक मारतात, तिथे माती सरकून लहान लहान लाटा तयार होतात, दुपारपर्यंत अख्खी वाट खडखडत असते. सकाळी लवकर जा, वाट तेव्हा गुळगुळीत असते. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर त्याहून उत्तम, धूळ बसते आणि माती चाक धरून ठेवते. फक्त झाडांची मुळं ओली असली की ती अतिशय निसरडी, त्यांच्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको, सरळ काटकोनात ओलांडून जायचं.

व्हिसलरची ए-लाइन केली त्याबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही. काळ्या डायमंडची वाट आहे, मशिनने बनवलेली, एकामागून एक उड्या. बहुतेक उड्या टेबलटॉप आहेत, म्हणजे चढ आणि उतरण यांच्यामध्ये सपाट माती भरलेली असते, त्यामुळे कमी पडलात तरी मध्ये खड्डा नाही, त्या सपाटीवरून चालवत जाता येतं. मी आधी एकही उडी न घेता नुसती चालवत खाली आलो, मग वेग थोडा थोडा वाढवला. एका क्षणी पुढचं चाक उतरणीला अलगद लागलं, काहीच आवाज झाला नाही, धक्का नाही, आणि वेग आपसूक वाढला. तेव्हा कळलं की या वाटा बनवणारी माणसं केवढा हिशोब करत असतील, प्रत्येक उडीचा वेग आधीच्या वळणात मोजून ठेवलेला असतो. त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

*

मुलगा सोळाचा आहे, त्याच्याबरोबर गेले होते. मी स्वतः निळ्यापर्यंतच. मुलांना घेऊन जावं का असं आया विचारतात म्हणून लिहितेय. हनुवटीपर्यंत झाकणारं फुल फेस हेल्मेट, गॉगल, पूर्ण बोटांचे ग्लोव्हज, गुडघ्याला आणि कोपराला पॅड, पाठीचं कवच, यातलं काहीही वगळायचं नाही, आणि हे भाड्यानेही मिळतं. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बदलायचं, बाहेरून तडा दिसत नसला तरी. आमचा नियम असा होता की नवीन वाटेची पहिली फेरी सावकाश, बघत बघत. उडी किंवा ड्रॉप, म्हणजे वाटेतली उंच पायरी, आली की सायकल कडेला लावून पायी जायचं, पलीकडे काय आहे ते बघायचं, मगच ठरवायचं. त्याला याचा कंटाळा येईल असं वाटलं होतं पण उलट तोच मला थांबवून दाखवायचा, आई इथून डावीकडून घे, उजवीकडे मूळ आहे. एरवी दोन वाक्यं न बोलणारा मुलगा लिफ्टमध्ये पूर्ण वेळ बोलत होता.

*

मी पडलो होतो, तेही लिहितो. कोरडा घसारा होता, वळणात पुढचं चाक सुटलं, खांद्यावर पडलो, कॉलरबोन गेलं. माझ्याबरोबरच्यांनी जे केलं ते सगळ्यांना माहीत असावं. एकजण लगेच वाटेने वर चालत गेला आणि वळणाच्या आधी आपली सायकल आडवी ठेवून मागून येणाऱ्यांना थांबवत राहिला, दुसऱ्याने पार्कच्या पॅट्रोलला, म्हणजे मदतीला येणाऱ्या गस्तीच्या पथकाला, फोन केला आणि जवळच्या पाटीवरचं वाटेचं नाव सांगितलं. मला कोणी उठवायला गेलं नाही, हेल्मेटही काढलं नाही, मान तपासल्याशिवाय ते काढू नये. पॅट्रोलचा नंबर फोनमध्ये सकाळीच घालून ठेवा. आणि प्रवासाचा विमा घेताना लिफ्टने केलेलं डाउनहिल त्यात धरलंय का ते वाचून घ्या, बऱ्याच विम्यांत ते वेगळं घ्यावं लागतं.

हाड जुळलं, भीती जायला जास्त वेळ लागला. परत गेलो तेव्हा सरळ हिरव्या वाटेवर गेलो आणि डावीकडची वळणं सोडून उजवीकडचीच जमत होती, कारण पडलो होतो डावीकडे. शरीर लक्षात ठेवतं. हळूहळू सुटलं.

*

स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमला मी डाउनहिल सायकलिंगच्या वर्ल्ड कपच्या वाटेवर उतरलोय. गोंडोलातून, म्हणजे दोरावरच्या बंद डब्यातून, सायकल वर जाते. वाट पावणेतीन किलोमीटरच्या थोडी वर, उतार साडेपाचशे मीटरचा, दगडच दगड, जिंकणारे पाच मिनिटांच्या आत खाली असतात. मला मध्ये थांबून हात झटकावे लागले, तेही पुन्हा पुन्हा. टीव्हीवर ती वाट सपाट दिसते हो, काय सांगू. शर्यतवाल्यांचे हात कशाचे बनलेत देव जाणे.

*

कुठल्या वयापर्यंत हे जमतं असं ज्यांनी विचारलंय त्यांना. मी पन्नाशी ओलांडल्यावर सुरू केलं आणि दर वर्षी जाते. दुपारचं जेवण झाल्यावर माझा वेग आपोआप कमी होतो, तेव्हा मी वाट एक रंग खाली आणते. "आता शेवटची" असं कधीच म्हणत नाही, कारण शेवटची म्हटली की माणूस तिच्यात सगळं घालायला बघतो, आणि हात तर तेव्हा दमलेले असतात. ब्रेक दाबायला एक बोट पुरेनासं झालं की लिफ्टच्या रांगेत न जाता सरळ सायकल परत करायची. दुकानात ती उभी करताना डिस्कला हात लावू नका, गरम असते.