भिंत रंगवण्याआधी जरा थांबा
कला महोत्सवामुळे जुनी घरं लोकांच्या नजरेत येतात, म्हणून त्यांच्या भिंती चित्रकारांना रंगवायला मोकळ्या सोडा असं कुणीतरी लिहिलंय; त्यातलं पहिलं पटलं, पण भिंती मोकळ्या सोडा हे काही पटत नाही बुवा. जुनं बांधकाम बहुतेकदा चुन्यातलं, त्या भिंती ओल शोषतात आणि बाहेर सोडतात, वरून अ‍ॅक्रिलिक रंगाचा प्लास्टिकसारखा थर बसला की ओल आतच कोंडते, मग फुगे येतात, पोपडा ओढला की गिलावाही हातात येतो आणि खाली विटांवर पांढरा खार फुललेला (सिमेंटचा गिलावा मारणारेही हेच करून ठेवतात, असो). चित्र हवंच तर चुन्यात चालणारे खनिज रंग घ्या नाहीतर फळ्यांवर काढून अंगणात उभं करा, आणि खिळा ठोकायचाच तर विटेत नको, दोन विटांमधल्या सांध्यात ठोका, तो नंतर चुन्याने बुजवता येतो.