मदत हवी आहे: एयूआरवरचं ब्राउझर पॅकेज बीटावरच अडकलंय, चेकसमच्याही तक्रारी

आर्च लिनक्सच्या एयूआरवर (वापरकर्त्यांनीच सांभाळलेल्या पॅकेजांचा साठा) फायरफॉक्सवर आधारित एका ब्राउझरचं "-बिन" पॅकेज बेवारस होतं, ते दत्तक घेतलं आहे. सोर्सपासून बांधणी नाही. मूळ प्रकल्पाचा तयार टारबॉल (एकत्र बांधलेली संकुचित फाइल) उतरवायचा, ऑप्ट फोल्डरमध्ये उलगडायचा आणि डेस्कटॉप फाइल व आयकॉन जागेवर ठेवायचे, एवढंच काम.

आधीच्या पीकेजीबिल्डमध्ये (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी फाइल) आवृत्ती १४०.०_बी३ अशी होती. मूळ नावात हायफन आहे आणि पीकेजीव्हरमध्ये, म्हणजे त्या फाइलमधल्या आवृत्तीच्या ओळीत, हायफन चालत नाही, म्हणून अंडरस्कोर टाकलेला दिसतो. आता स्थिर १४०.० चढवली, तर वापरणाऱ्यांकडे हेल्पर (एयूआरची पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) सांगतो की मशीनवरची आवृत्ती एयूआरपेक्षा नवी आहे. कुणालाच अपडेट जात नाही, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही जात नाहीत. एपॉक (आवृत्तीच्या आधी लागणारा, तुलनेत सगळ्यात आधी बघितला जाणारा आकडा) वाढवणं हाच उपाय आहे का?

दुसरं, माझ्याकडे चेकसम (फाइल तीच आहे का हे ताडायची खूण) जुळतो, निम्म्या लोकांकडे जुळत नाही. "चेकसमच्या जागी स्किप लिहा" असा आग्रह चाललाय. शिवाय मूळ प्रकल्पाची डिजिटल सही तपासताना त्यासाठी लागणारी सार्वजनिक की सापडत नाही, म्हणून सहीही काढा म्हणतात.

तिसरं, काही साइटवरचे व्हिडिओ चालत नाहीत, यूट्यूब मात्र व्यवस्थित चालतं.

प्रतिसाद १

एपॉकला हात लावू नका. एकदा लावलेला एपॉक पुन्हा काढता येत नाही, पॅकेज असेपर्यंत तो आवृत्तीच्या पुढे चिकटून राहतो. इथे त्याची गरजच नाही.

आधी कारण बघू. पॅकमन (आर्चचा पॅकेज व्यवस्थापक) आवृत्तीचे तुकडे पाडतो आणि एकेक तुकडा ताडून पाहतो. १४०.०बी३ असं सलग लिहिलं असतं, तर अंकाला चिकटलेलं अक्षर पूर्वआवृत्ती मानलं जातं आणि ती १४०.०च्या खाली बसते. मध्ये टिंब किंवा अंडरस्कोर आला की "बी३" हा वेगळा, जास्तीचा तुकडा होतो, आणि जास्तीचा तुकडा असलेली आवृत्ती वरचढ ठरते. टर्मिनलवर वर्कम्प (vercmp) ही आवृत्त्या ताडणारी आज्ञा आधी १४०.०_बी३ आणि मग १४०.० देऊन चालवा. उत्तर १ येईल, म्हणजे पहिली नवी.

आता वाट अशी. तिसरा तुकडा एकीकडे आकडा आणि दुसरीकडे अक्षर असेल, तर आकडा जिंकतो. म्हणून या एका वेळेपुरतं पीकेजीव्हर १४०.०.० ठेवा. डाउनलोडच्या दुव्यात खरी आवृत्ती लागते, तेव्हा वर एक वेगळा व्हेरिएबल करा, अंडरस्कोरने सुरू होणारा, त्यात १४०.० लिहा आणि दुव्यात तोच वापरा. पुढे १४०.०.१ आली किंवा थेट १४१.० आली, दोन्ही १४०.०.०च्या वरच आहेत. क्रम आपोआप सरळ होतो.

आणि बीटा या पॅकेजात पुन्हा घालू नका. तिच्यासाठी "-बीटा-बिन" नावाचं स्वतंत्र पॅकेज हवं.

बदल झाला की मेकपीकेजीच्या (पॅकेज बांधणारी आज्ञा) प्रिंटएसआरसीइन्फो पर्यायाने डॉट-एसआरसीइन्फो ही पॅकेजच्या माहितीची फाइल नव्याने काढा. पीकेजीबिल्ड बदलून ती फाइल तशीच राहिली, तर एयूआरला आणि हेल्परला जुनीच आवृत्ती दिसते.

प्रतिसाद २

चेकसमबद्दल. तुमच्या डाउनलोड केलेल्या फाइलच्या नावात आवृत्ती आहे का, ते आधी बघा. बहुतेक वेळा घोळ इथेच असतो. दर आवृत्तीला फाइलचं नाव तेच असेल, तर मागच्या वेळची फाइल लोकांच्या हेल्परच्या कॅशमध्ये पडलेली असते. मेकपीकेजीला नाव सापडतं, तो नव्याने डाउनलोड करत नाही, जुन्या फाइलला नवा चेकसम लावून बघतो आणि थांबतो. तुम्ही रिकाम्या फोल्डरात बांधता, म्हणून तुमच्याकडे जुळतो. सोर्सच्या ओळीत दुव्याआधी आवृत्तीसह नवं नाव आणि दोन कोलन लिहा, फाइल त्या नावाने साठवली जाईल. सहीच्या फाइललाही तेच नाव द्या, फक्त शेवटी डॉट-एएससी किंवा डॉट-सिग, नाहीतर मेकपीकेजीला जोडी लागत नाही. दुवा "लेटेस्ट" असा असेल तर तोही बदला. तसा दुवा मूळ प्रकल्पाने पुढची आवृत्ती काढली त्या क्षणी सगळ्यांकडेच मोडतो.

स्किप अजिबात नको, आणि सही तर मुळीच काढू नका. चेकसम तुम्ही काढता, सही मूळ प्रकल्प करतो. तुमच्यापर्यंत फाइलच बदललेली आली आणि तुम्ही चेकसम नव्याने भरणारी updpkgsums ही आज्ञा चालवलीत, तर त्या बदललेल्या फाइलचा चेकसम निष्ठेने पीकेजीबिल्डमध्ये उतरतो आणि सगळ्यांकडे छान जुळतो. ते पकडणारी एकच गोष्ट म्हणजे सही. म्हणून क्रम असा ठेवा: टारबॉल आणि सही उतरवा, जीपीजी या सही तपासणाऱ्या प्रोग्रामने पडताळा, मगच चेकसम काढा.

की सापडत नाही त्यावर उपाय सोपा आहे. पीकेजीबिल्डच्या व्हॅलिडपीजीपीकीज मध्ये त्या कीचा पूर्ण ४० अक्षरी ठसा लिहा, मूळ प्रकल्पाच्या अधिकृत पानावरून ताडून. तीच सार्वजनिक की रेपॉझिटरीत कीज/पीजीपी फोल्डरमध्ये ठेवा. मेकपीकेजी ती स्वतःहून घेत नाही, वापरणाऱ्याने जीपीजीच्या इम्पोर्टने एकदाच घ्यायची असते. ही एक ओळ पिन केलेल्या कॉमेंटमध्ये टाका.

हे मी आग्रहाने लिहितोय, कारण १६ जुलै २०२५ ला एयूआरवर लिब्रवुल्फ-फिक्स-बिन, फायरफॉक्स-पॅच-बिन आणि झेन-ब्राउझर-पॅच्ड-बिन अशी तीन पॅकेजं चढली होती. नावं अगदी ओळखीची, पण आत मशीनचा दुरून ताबा घेणारा ट्रोजन. सोर्समध्ये "पॅचेस" म्हणून एक गिट रेपॉझिटरी जोडलेली होती, दुष्ट कोड तिथून येत होता. १८ जुलैला ती काढली गेली. ब्राउझरच्या पॅकेजात लोकांचे पासवर्ड आणि बँकेची लॉगिनं जातात. सोर्समध्ये मूळ प्रकल्पाबाहेरचा एकही दुवा नसावा, ही शिस्त सोडू नका.

धागाकर्ता

फाइलच्या नावात खरंच आवृत्ती नव्हती. नाव बदललं, सही आधी पडताळून चेकसम काढला. वर्कम्प १४०.०.० आणि १४०.०_बी३ देऊन चालवलं, उत्तर १. धन्यवाद! आता व्हिडिओ तेवढा राहिला. पॅकेज तपासणाऱ्या नेमकॅपला अवलंबित्वात (सोबत लागणाऱ्या पॅकेजांत) काहीच कमी दिसत नाही.

प्रतिसाद ३

नेमकॅपला ते दिसणारच नाही. तो बायनरीला थेट जोडलेल्या लायब्ररी बघतो. फायरफॉक्स एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओच्या संचातली लिबएव्हीकोडेक लायब्ररी चालू असताना शोधून उघडतो, जोडून ठेवत नाही. व्हीपी९ आणि एव्ही१ या व्हिडिओ प्रकारांचे डीकोडर ब्राउझरच्या पोटातच असतात म्हणून यूट्यूब चालतं. एमपी४ फाइलींत सर्रास असणाऱ्या एच.२६४ प्रकारासाठी मात्र सिस्टिमकडे हात पसरावा लागतो. पॅकेजात एफएफएमपेग कुठेच लिहिलेलं नसेल, तर ज्यांच्याकडे ते दुसऱ्या कशामुळे आलेलं नाही त्यांचे एमपी४ बंद. ऑप्टडिपेंड्समध्ये (ऐच्छिक अवलंबित्व) लिहा, मी तर सरळ डिपेंड्समध्येच (आवश्यक) टाकेन.

एफएफएमपेग असूनही चालत नसेल तर लायब्ररीचा क्रमांक बघा. एफएफएमपेग ७ची लिबएव्हीकोडेक ६१ क्रमांकाची, ८ची ६२. ब्राउझरकडे ओळखीच्या क्रमांकांची ठरलेली यादी असते. आर्चने नवं एफएफएमपेग आणलं आणि तुमचा ब्राउझर जुन्या फायरफॉक्सवर असला, तर नवा क्रमांक त्याला माहीतच नसतो. स्ट्रिंग्ज आज्ञा ब्राउझरच्या लिबझूल (libxul) फाइलवर चालवून त्यात लिबएव्हीकोडेक शोधा, ओळखीचे सगळे क्रमांक समोर येतील. सिस्टिमवरचा त्यात नसेल, तर मूळ प्रकल्प पुढे सरकेपर्यंत एफएफएमपेग४.४ सुचवा. ते नव्या एफएफएमपेगच्या शेजारी बिनबोभाट बसतं, त्याचा क्रमांक ५८.

जाता जाता एक तपासा: डिस्ट्रिब्युशन फोल्डरातल्या पॉलिसीजच्या जेसन फाइलमध्ये डिसेबलअ‍ॅपअपडेट ट्रू आहे ना? नसेल तर ब्राउझर स्वतःच नवी आवृत्ती आणायला बघतो. फोल्डर रूटच्या मालकीचं असेल तर नुसत्या सूचना येत राहतात. पण परवानग्या सैल असतील तर तो पॅकमनच्या फाइलींवर लिहितो, आणि पॅकमनच्या नोंदीत एक आवृत्ती, डिस्कवर दुसरीच.