ऑटोकॅडमध्ये स्वतःचा टूलबार करायचाय, आणि कोडिंग शिकायचं तर लिस्प की पायथन?

नकाशेवाली_नाशिक
नमस्कार मंडळी, मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ऑटोकॅडवर (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) ड्राफ्टिंग करते, जास्त करून महापालिकेच्या मंजुरीचे नकाशे. दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे हा रिबन (वरची बटणांची रुंद पट्टी) मला अजिबात झेपत नाही, मला माझ्या रोजच्या पंधरावीस कमांडचा एकच टूलबार डाव्या बाजूला हवाय, जुन्या व्हर्जनला असायचा तसा, पण तो क्लासिक वर्कस्पेसच (जुनी टूलबारवाली स्क्रीन) सापडत नाहीये. दुसरं, प्रत्येक खोलीला पॉलिलाइन (जोडलेल्या रेषांचा एकच ऑब्जेक्ट) मारायची, एरिया बघायचा, कॅल्क्युलेटरवर चौ. मी. करायचे, मग टेक्स्ट टाकायचं, आणि साहेबांनी भिंत सरकवली की परत पहिल्यापासून, ह्याचा वैताग आलाय. ह्यासाठी प्रोग्रामिंग शिकायची तयारी आहे, बारावीला थोडं सी केलं होतं. भाचा म्हणतो पायथन शिक, ऑफिसातले म्हणतात लिस्प. काय करू?

जुना_ड्राफ्ट्समन
ताई, क्लासिक वर्कस्पेस २०१५ च्या व्हर्जनपासून काढलाय, म्हणून सापडत नाही. पण टूलबार कुठे गेलेले नाहीत, नुसते लपवलेत. कमांड लाइनवर मेनूबार टाइप करा, व्हॅल्यू १ द्या, वर जुना मेनू येईल, मग टूल्स मध्ये टूलबार्स मध्ये ऑटोकॅड, तिथे ड्रॉ, मॉडिफाय सगळी जुनी मंडळी बसलेली आहेत. रिबन बंद करायला रिबनक्लोज.

स्वतःचा टूलबार करायला सीयूआय कमांड. टूलबार्सवर राइट क्लिक, न्यू, आणि खालच्या यादीतून कमांड ओढून आणून टाकायच्या. फक्त एक करा, हे सगळं मेन फाइलमध्ये करू नका. ट्रान्स्फर टॅबमधून स्वतःची वेगळी सीयूआयएक्स फाइल (टूलबार-मेनूची सेटिंग साठवणारी) बनवा आणि सीयूआयलोडने जोडा, म्हणजे उद्या नवीन व्हर्जन आलं किंवा कोणी सेटिंग रिसेट केलं तरी तुमची फाइल पेन ड्राइव्हवर शाबूत.

आणि बटणावर नुसती कमांड नका ठेवू, मॅक्रो (एका क्लिकवर ओळीने चालणाऱ्या कमांड) लिहा, खरी मजा तिथे आहे. सुरुवातीला शिफ्ट ६ ची टोपी आणि सी असं दोनदा, म्हणजे आधी चालू असलेली कमांड रद्द होते. एंटरच्या जागी सेमीकोलन, तुमच्या क्लिकसाठी थांबायचं असेल तिथे बॅकस्लॅश. लेयर (नकाशातला थर) ह्या कमांडच्या आधी हायफन लावला की डायलॉग न उघडता कमांड लाइनवरच चालतं, म्हणजे एका बटणात भिंतीचा लेयर सेट होऊन लगेच पॉलिलाइन सुरू. ह्याला कुठली भाषा शिकावी लागत नाही.

सीशार्प_पुणे
वरचं बरोबर आहे, पण एरियासाठी तर कोडिंगसुद्धा नको हो. एमटेक्स्ट (अनेक ओळींचं टेक्स्ट) लिहिताना राइट क्लिक करून इन्सर्ट फील्ड, ऑब्जेक्ट निवडा, पॉलिलाइन दाखवा, प्रॉपर्टी एरिया, आणि अॅडिशनल फॉरमॅटमध्ये कन्व्हर्जन फॅक्टर ०.०००००१ टाका (ड्रॉइंग मिमीत आहे असं धरून), चौ. मी. थेट येतील. भिंत सरकली, पॉलिलाइन ताणली, की रीजेन (ड्रॉइंग स्क्रीनवर ताजं करायची कमांड) मारा, आकडा आपोआप बदलतो. पॉलिलाइन चुकून डिलीट केली तर आकड्याच्या जागी चार हॅश दिसतात, ते एका अर्थी बरंच, चुकीचा आकडा महापालिकेत जाण्यापेक्षा.

भाषेचं म्हणाल तर मी स्वतः सी शार्पवाला आहे, तरी तुम्हाला ते सुचवणार नाही. डीएलएल (कंपाइल केलेली प्रोग्राम फाइल) बनवा, लोड करा, आणि २०२५ ला ऑटोकॅड मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट ८ वर गेलं तेव्हा जुन्या डीएलएल परत कंपाइल करत बसा. रोज ड्राफ्टिंग करणाऱ्या माणसाने हा व्याप कशाला घ्यावा. पायथन चांगलीच आहे पण ती बाहेरून कॉमवरून (विंडोजमधली एका प्रोग्रामने दुसरा चालवायची सोय) ऑटोकॅडशी बोलते, त्यामुळे हजारभर ऑब्जेक्ट फिरवायचे असतील तर जाम हळू. पायथनचा खरा उपयोग ईझेडडीएक्सएफ लायब्ररीसाठी, एका फोल्डरातल्या दोनशे डीएक्सएफ (नकाशांची देवाणघेवाण करायचा फॉरमॅट) फाइल ऑटोकॅड न उघडता वाचायच्या असतील तर. तुमचं काम तसलं नाही.

जुना_ड्राफ्ट्समन
फील्डचं माझ्या डोक्यात नव्हतं आलं, मस्त. आणि हो, लिस्पच. ऑटोलिस्प, म्हणजे ऑटोकॅडची स्वतःची लिस्प, १९८६ पासून ऑटोकॅडमध्ये आहे, नव्वदच्या दशकातल्या लिस्प फाइल आजही अॅपलोडने लोड करून चालवतात लोक, दुसऱ्या कुठल्या भाषेचं असं सांगता येणार नाही. शिवाय ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड ह्या ऑटोकॅडसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पण बहुतेक तसंच चालतं, ऑफिस बदललं तरी विद्या वाया जात नाही. कंस बघून घाबरू नका, सी येत असेल तर आठवड्याभरात नजर बसते. एंटसेल (एक ऑब्जेक्ट निवडणं), एसएसगेट (अनेक निवडणं) आणि कमांड (कमांड चालवणं), ह्या तीन फंक्शनवर निम्मं काम होतं. फक्त कोडमधून लाइन मारताना आधी ओस्मोड (ऑब्जेक्ट स्नॅपची सेटिंग) शून्य करा आणि शेवटी पूर्वीचा परत ठेवा, नाहीतर स्नॅप जवळचा भलताच पॉइंट पकडतो आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसता.

नकाशेवाली_नाशिक
दोघांचे खूप आभार, फील्ड करून पाहिलं, चाललं!! टूलबार पण झाला. पण अॅपलोड टाइप केलं तर अननोन कमांड येतंय. आमच्याकडे एलटी २०२२ (ऑटोकॅडची स्वस्तातली आवृत्ती) आहे, त्याचा काही संबंध?

सीशार्प_पुणे
तोच संबंध. एलटीमध्ये लिस्प २०२४ च्या व्हर्जनपासून आलं, त्याच्या आधी नाही. पण एलटीचं कायमचं लायसन्स विकणं २०१६ मध्येच बंद झालं, म्हणजे तुमचं २०२२ बहुतेक सबस्क्रिप्शनचंच असणार, आणि सबस्क्रिप्शन चालू असेल तर नवीन व्हर्जनचे वेगळे पैसे पडत नाहीत. ज्यांच्या नावावर अकाउंट आहे त्यांना लॉगिन करून २०२४ किंवा पुढचं डाउनलोड करायला सांगा. जुनं लगेच काढू नका, दोन्ही शेजारी शेजारी चालतात. टूलबारची ती वेगळी फाइल नव्यात सीयूआयलोड केली की झालं.