दहा पीडा: हट्ट राजाचा, मग दासीच्या मुलाचा काय दोष?

मंडळी, नमस्कार.

वाचनगटात आपले बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचे ७ ते १२ अध्याय वाचून झाले, पण एक ओळ डोक्यातून जात नाही. मिसरचा (इजिप्तचा) राजा फारो गुलाम इस्राएलांना सोडत नाही, म्हणून परमेश्वर त्याच्या देशावर दहा पीडा आणतो आणि त्यांची ताकीद इस्राएलांचा पुढारी मोशे देतो, ती ही कथा. शेवटच्या पीडेत सिंहासनावरच्या फारोच्या थोरल्या मुलापासून जात्यावर बसलेल्या दासीच्या थोरल्या मुलापर्यंत सगळे मरणार, असं मोशे सांगतो. त्या दासीने कुणाचं काय वाकडं केलं होतं? डॅनियलकाका, तुम्हा ज्यूंकडे दरवर्षी पेसाहला, म्हणजे त्या सुटकेच्या सणाला, ही कथा वाचतात. तुम्ही याचा अर्थ कसा लावता?

अनघा

---

अनघा,

आधी पाचवा अध्याय काढ. मोशे पहिल्यांदा दरबारात जातो तेव्हा फारो विचारतो, हा परमेश्वर कोण, मी त्याचं का ऐकावं? पुढच्या सगळ्या पीडा म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे. म्हणूनच 'मग तुम्हाला कळेल' हे पालुपद सारखं येत राहतं. बाराव्या अध्यायात तर स्पष्टच म्हटलंय की मिसरच्या सर्व देवांचा न्याय होईल. नाईलचा पूर म्हणजे हापी देव, आणि फारो स्वतः सूर्यदेव रा याचा पुत्र म्हणवणारा. पहिल्या पीडेत नदी रक्ताची होते, नवव्या पीडेत तीन दिवस सूर्यच दिसत नाही. (प्रत्येक पीडेला एकेक देव जोडून दाखवणारे लोक आहेत, मला ते ओढूनताणून वाटतं.) शिवाय याच नदीत इस्राएलांची तान्ही मुलं फेकायचा हुकूम पहिल्या अध्यायात निघालेला आहे. नदीचं रक्त झालं ते त्या मुलांची साक्ष म्हणून, असं मी मानतो.

जादूगारांकडेही बघ. रक्त आणि बेडूक त्यांनाही जमतं, म्हणजे आधीच हैराण झालेल्या लोकांचा त्रास ते आणखी वाढवतात. पीडा हटवणं मात्र जमत नाही. उवांपाशी ते हात टेकतात आणि म्हणतात, यात देवाचं बोट आहे.

डॅनियल

---

काका, यातल्या बऱ्याच गोष्टी लाल गाळ, मेलेले मासे, माश्या अशा नैसर्गिक साखळीनेही सांगता येतात. माझी अडचण वेगळी आहे. फारोचं मन परमेश्वरच कठोर करतो ना? मग फारोला जबाबदार कसं धरायचं?

श्रीकांत

---

श्रीकांत, अनघा,

पहिल्या पाच पीडांत फारो आपणहून अडून बसतो. परमेश्वराने मन कठोर केलं हे शब्द सहाव्या, गळवांच्या पीडेपाशी पहिल्यांदा घडलेली गोष्ट म्हणून येतात. बाराव्या शतकात मिसरमध्येच राहिलेला ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस म्हणतो की माणूस जाणूनबुजून इतकं पाप करू शकतो की पश्चात्तापाची वाटच त्याला बंद होते, आणि तीच त्याची शिक्षा. मला हे पटतं. आणि प्रजा तरी सगळी राजासारखी कुठे होती? गारांच्या आधी इशारा मिळतो तेव्हा फारोच्याच काही सेवकांनी भिऊन आपली माणसं आणि गुरं घरात आणली (९:२०).

राहिली दासी. जुने रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणतात, दासदासींनाही इस्राएलांच्या हालांचा आनंद होत होता. अनघा, मला हे उत्तर पुरत नाही, आणि तुलाही पुरणार नाही. पण आमच्या परंपरेने या मरणांचा उत्सव केलेला नाही, हे मात्र मी छातीठोकपणे सांगेन. सेदेरला, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या विधिवत जेवणाला, एकेका पीडेचं नाव घेताना पेल्यातल्या वाइनचा एकेक थेंब बाहेर टाकतात, कारण दुसऱ्याच्या दुःखाने आपला आनंद उणा व्हायला हवा. आमच्या बेने इस्राएल (महाराष्ट्रातल्या मराठी ज्यूंच्या) घरांत वाइनऐवजी मनुकांचं शरबत असतं. तल्मूद या आमच्या जुन्या धर्मग्रंथात तर इस्राएलांचा पाठलाग करणारे मिसरी समुद्रात बुडत असताना देवदूत गायला निघतात तेव्हा देव त्यांना थांबवतो: माझ्या हातांनी घडवलेले बुडताहेत आणि तुम्ही गाता?

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं २३:७ पण वाचा. मिसऱ्याचा तिटकारा करू नका, तुम्ही त्याच्या देशात परके होतात. हा नियम गुलामीतून सुटलेल्यांनाच घातलेला आहे.

पेसाहच्या आदल्या दिवशी घरातल्या थोरल्या मुलाने उपास करायचा असतो. मी थोरला, मी करतो.

पुढच्या वेळी चौदाव्या अध्यायापासून सुरू करू. माझ्याकडे १८७४च्या पुण्याच्या हिब्रू-मराठी हग्गादाच्या (सेदेरला वाचायच्या पोथीच्या) काही पानांच्या छायाप्रती आहेत, त्या घेऊन येतो.

डॅनियल