शब्दचर्चा : स्वयंचलित, स्वायत्त की स्वनिर्णयी?

प्रश्न : हर्णै बंदरातल्या मच्छीमारांसाठी सागरी सुरक्षेवर टिपण लिहितोय. सैन्यदलांनी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी का, हा त्यातला एक भाग. माणसाला न विचारता लक्ष्य निवडून मारा करणाऱ्या शस्त्राला काय म्हणावं? बातम्यांत 'स्वयंचलित' आणि 'स्वायत्त' दोन्ही दिसतात.

प्रतिसाद : 'स्वयंचलित' नको. एके-४७ सुद्धा स्वयंचलितच, पण तिचा चाप माणूस ओढतो. 'स्वायत्त' घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव झाला तो अशाच शस्त्रांबद्दल. १५२ देश बाजूने, ४ विरोधात, आणि त्या चारांत भारत होता. हेही टिपणात यायला हवं.

दुसरा प्रतिसाद : मला 'स्वायत्त' खटकतो. स्वायत्त महाविद्यालय चुकलं तर त्याला जाब विचारता येतो. शस्त्राला कोण विचारणार? 'स्वनिर्णयी' म्हणा, वाचणाऱ्याला धोका लगेच कळेल.

प्रश्नकर्ता : 'स्वनिर्णयी' पटला. पुढची अडचण. २६/११ चे हल्लेखोर 'कुबेर' या पळवलेल्या मासेमारी बोटीतून आले, इतर बोटींत ती वेगळी दिसलीच नाही. अशी बोट हेरायला यंत्राची मदत हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एआयएस, म्हणजे बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र, २० मीटरहून मोठ्या बोटींनाच सक्तीचं आहे. आमच्या लहान होड्या एआयएसच्या पडद्यावर दिसतच नाहीत. यंत्राने अशा होडीवर 'संशयित' शिक्का मारला, तर पुढच्या तपासाला 'पडताळणी' म्हणू की 'खातरजमा'?

पहिला प्रतिसादक : दोन्ही ठेवा, पण वेगवेगळ्या जागी. पडताळणी म्हणजे नोंदीशी नोंद ताडून बघणं. ते यंत्र करतं, आणि आपल्यापेक्षा झपाट्याने करतं. खातरजमा फारसीतून आली : खातिर म्हणजे मन, जमा म्हणजे एकवटलेलं. मनाची खात्री पटणं. त्यासाठी माणूसच लागतो. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एक बेवारस नौका लागली, आत तीन एके-४७. पडताळणीपुरतं बोलायचं तर एवढ्यावर कुठलंही यंत्र तिला शत्रूची ठरवेल. चौकशीत निघालं की इंजिन बिघडल्यावर खलाशांना मस्कतजवळ वाचवलं होतं आणि रिकामी नौका वाहत इकडे आली. त्या नौकेत माणसं असती आणि समोर स्वनिर्णयी शस्त्र असतं तर? म्हणून माझं मत ठाम आहे : सैन्याने हे तंत्र जरूर वापरावं, पण गोळी सुटण्याआधी एका अधिकाऱ्याची खातरजमा व्हावी आणि हुकमाखाली त्याचं नाव असावं.

दुसरा प्रतिसादक : आणि तुमच्या मथळ्यात 'किनाऱ्यावर यंत्रांची पाळत' आहे, तिथे 'टेहळणी' करा. पाळत संशयितावर ठेवतात. तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, त्यांना ते लागेल, आणि परकी होडी दिसली तर आधी खबर देतात ते तेच.

प्रश्नकर्ता : बरोबर. मथळा बदलतो, आणि हरिहरेश्वरचं उदाहरण पहिल्याच परिच्छेदात घेतो.