ब्रेकचे बोल्ट: जुनेच लावू की नवे घेऊ?

भांडुपचा_जेट्टावाला
गाडी जेट्टा, २०१२चं मॉडेल. मागचे पॅड आणि डिस्क बदलायचेत. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्येच करणार आहे, सेक्रेटरींच्या कानावर घातलंय. ऑपेरा हाउसला पॅड घेताना काउंटरवाला म्हणाला, "बोल्टपण घेऊन जा, साहेब." मला वाटलं बिल फुगवतोय. घरी मॅन्युअल बघितलं, तर कॅलिपर ब्रॅकेटच्या (पॅड दाबणारा कॅलिपर ज्यावर बसतो त्या पट्टीच्या) बोल्टपुढे ९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, वर आणखी ९० अंश, आणि 'दर वेळी नवा'. गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, जुने ठणठणीत आहेत, लॉक्टाइट (आट्यांचा गोंद) मार आणि आवळ. कोणाचं ऐकू?

वॅगनआर_विरार
आमच्या गाडीला दर वेळी जुनेच लागतात. काही होत नाही हो.

लालबागचा_फोरमन
वॅगनआरवाले, तुमच्या गाडीपुरतं चालतंय. पण जेट्टाच्या मॅन्युअलमध्ये तो 'वर ९० अंश' आहे ना, तिथेच सगळी मेख आहे. नुसता टॉर्क दिलेला बोल्ट स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि सोडला की मूळ लांबीवर येतो. टॉर्कनंतर अंशात फिरवायचा बोल्ट बहुतेक वेळा तो मूळ लांबीवर परत येऊ शकतो त्या हद्दीपर्यंत किंवा पलीकडे ताणायचा असतो. थोडासा कायमचा लांबतो. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. तोच परत तेवढाच फिरवलात तर उरलेला जीवही जातो. तेव्हा ब्रॅकेटचे नवेच.

कॅलिपर ज्यावर सरकतो त्या गाइड पिनचे छोटे बोल्ट वेगळे. त्यांच्या आट्यांवर कारखान्यातूनच सुक्या गोंदाचा पट्टा येतो. बोल्ट सोडला की तो फुटून गेला. काही पॅडच्या खोक्यात नवे येतात, आधी खोकं नीट बघा, मग पैसे मोजा. मारुती-होंडाच्या बऱ्याच गाड्यांना जुने चालतात, पण आटे तारेच्या ब्रशने साफ हवेत, बोट फिरवलं तर कुठे अडकता कामा नये, आणि निळं लॉक्टाइट. लाल नको. ते सोडवायला अडीचशे डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं आणि शेजारी पिनांची रबरी टोपणं (बूट) असतात.

भांडुपचा_जेट्टावाला
काका, ऑफिस मशीद बंदरला आहे. जवळच्या नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात त्याच मापाचे मिळतील ना?

लालबागचा_फोरमन
माप मिळेल हो, माल मिळेल याची खात्री नाही. डोक्यावर १०.९ कोरलेलं असतं. म्हणजे ताणताकद १००० मेगापास्कल, आणि त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कायमचा लांबत नाही. दुकानदार चकचकीत स्टेनलेस पुढे करेल, "गंजणार नाही साहेब" म्हणेल. नेहमीच्या ए२-७० स्टेनलेसची ताकद ७००च. पावसाळ्यात गंजलेलं डोकं बघून लोक भुलतात. गंज नुसता डोक्यावर असेल तर मला फारसा त्रास नाही, आट्यांच्या बुडात खड्डे पडले असतील तर मात्र बोल्ट भंगारात. पार्ट नंबर सांगून कंपनीच्या काउंटरवरूनच घ्या.

आणि हे नवशिके हमखास विसरतात: आट्यांना तेल लावू नका. घर्षण कमी झालं की टॉर्क पाना ९० दाखवतो, पण बोल्ट आत त्याहून बराच जास्त ताणला जातो.

मागचे बोल्ट बारा कोनांच्या स्प्लाइनचे असतील, एम१४चा बिट लागेल. टॉर्क्सचा (सहा टोकांच्या चांदणीचा) बिट ठोकून बसवू नका, डोकं खाल्लं गेलं की पार्किंगमध्येच बसून राहाल. हॅन्डब्रेक कॅलिपरमध्येच आहे, म्हणून पॅड ढकलणारा पिस्टन फिरवत आत घालायचा, नुसता दाबायचा नाही.

वॅगनआर_विरार
फोरमनकाका, ब्रेकची नळी सोडली तर तिथला बोल्ट?

लालबागचा_फोरमन
बोल्ट धड असेल तर राहू दे, दोन्ही तांब्याचे वायसर नवे. एकदा चेपले की परत नीट बसत नाहीत, तेल पाझरतं.

भांडुपचा_जेट्टावाला
बोल्ट ऑर्डर केले, बुधवारी येतायत. ९० अंश मोजायला वेगळं यंत्र नाही माझ्याकडे.

लालबागचा_फोरमन
नको. आधी ९० न्यूटन-मीटरला आवळा, मग बोल्टच्या डोक्यावर आणि ब्रॅकेटवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. लांब दांड्याने डोक्यावरची रेघ पाव फेरा पुढे जाईपर्यंत एका दमात फिरवा. मध्ये थांबून परत सुरू करू नका.